समाधानी लाभार्थी

माझ्या सासऱ्यांना कुणीही विचारलं, "काय धोंडीबा, कसं चाललंय?" तर ते म्हणतात, "बरं हाय." ताप असला तरी बरं हाय, बैल गेला तरी बरं हाय. गुडघे सुजून माणूस बाजेवर पडलेला असतो आणि दारावरून जाणाऱ्याला उठून बसत सांगतो, "बरं हाय की! या, च्या घ्या." लग्न होऊन मी या घरात आले त्याला चौदा वर्षं झाली. पहिली काही वर्षं मला या स्वभावाचं कौतुक होतं. या हिवाळ्यात मात्र त्या दोन शब्दांपायी आमचा दोन एकर गहू वाळायला लागला आणि माझं कौतुक संपलं.

आमचं गाव माकणीपासून सहा किलोमीटरवर. दोन वर्षांपूर्वी सौर पंपाची योजना आली तेव्हा अर्ज मीच भरला. माझे वडील तुळजापूरला शाळेत कारकून होते, त्यामुळं अर्ज, पोच, जावक क्रमांक या गोष्टींवर माझा देवासारखा विश्वास. योजनेची एक अट होती. सौर पंप घ्यायचा तर विजेचं जुनं कनेक्शन परत करायचं. आम्ही केलं. वायरमन येऊन खांबावरची तार उतरवून घेऊन गेला. विहिरीजवळ आठ सौर पाट्या उभ्या राहिल्या, ऊन पडलं की पाणी सुरू. खोटं कशाला बोलू, दीड वर्ष ते पाणी बघून मला रोज बरं वाटायचं. माझे यजमान कुलदीप विजेच्या वेळापत्रकाप्रमाणं अपरात्री टॉर्च घेऊन शेतात जायचे, ते बंद झालं. धूर नाही, आवाज नाही, बिल नाही.

मग सप्टेंबरात पावसानं जिल्हा झोडपून काढला आणि त्या पावसात कधीतरी पंप बंद पडला. पाट्या धड, मोटार धड, फक्त खांबावरच्या पेटीत लाल दिवा लागलेला. त्या पेटीला कंट्रोलर म्हणतात. विहीर काठोकाठ भरलेली आणि पाणी वर यायचा पत्ता नाही. वीज कार्यालयात गेले तर म्हणाले, तुम्ही आता आमचे ग्राहक नाही. बरोबरच होतं त्यांचं, ग्राहक नव्हतोच आम्ही. कंपनीचं ऑफिस पुण्यात. तिथला फोन उचलून एक बाई सांगे की तक्रार अ‍ॅपवरच करावी.

मी अ‍ॅपवर तक्रार केली. नियम मला आवडला. तक्रार सात दिवस उघडी राहिली, तर आठव्या दिवशी तंत्रज्ञ शेतावर आलाच पाहिजे, नाहीतर कंपनीला दंड. मी कॅलेंडरवर आठव्या तारखेला गोल केला. पाचव्या दिवशी अ‍ॅपवर हिरवी खूण आली. "तक्रार निकाली. लाभार्थी समाधानी."

मला वाटलं, चुकून झालं असेल. दुसरी तक्रार केली. सहाव्या दिवशी निकाली, लाभार्थी समाधानी. तिसऱ्या वेळी मी पुण्याला फोन लावून भांडले. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, लाभार्थी धोंडीबा यांच्याशी आमचं बोलणं झालंय. रेकॉर्डिंग आहे. ते म्हणाले, सगळं बरं आहे."

झालं असं की जमीन मामांच्या नावावर. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. सातबारा मामांचा म्हणून लाभार्थी मामा, आणि आधारला जोडलेला नंबर मामांच्या बटणाच्या फोनचा. तक्रार मी करायची, पण खात्री करायला फोन जायचा त्यांना. तोही सकाळी अकराच्या सुमाराला, जेव्हा मी अंगणवाडीत पोरांना शेंगदाणे वाटत असते. पलीकडची मुलगी गोड आवाजात विचारायची, "काका, कसे आहात? सगळं व्यवस्थित आहे ना?" आणि आमचे मामा लिंबाखाली बसून सांगायचे, "बरं हाय बाय. तुमचं बरं हाय न्हवं? जेवलीस का?"

त्या संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसले.

"मामा, फोनवर तुम्ही बरं हाय म्हणून सांगितलं?"

"व्हय."

"पंप बंद आहे ना पण?"

"बंद हाय की."

"मग बरं हाय का म्हणालात?"

मामांना माझा प्रश्नच कळला नाही. "आगं, परक्या पोरीनं एवढ्या लांबून इचारलं. तिला काय रडगाणं सांगायचं?"

"रडगाणं ऐकायलाच बसवलंय हो तिला!"

"तरी बी," मामा म्हणाले. "तिला काय आपला एकच पंप हाय का? कुणाचं आपल्याहून वाईट आसंल."

मी त्यांची तालीम घ्यायला सुरुवात केली. रोज दिवेलागणीला मी कंपनीची मुलगी व्हायचे. मी विचारायचे, "काका, पंप चालू आहे का?" मामा म्हणायचे, "बंद हाय." मी म्हणायचे, शाब्बास. मग विचारायचे, "आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का?" इथं मामा गडबडायचे. "म्हंजे... तुमी इचारलंत एवढं, समाधानीच म्हणायचं." आत्या, म्हणजे तुळजाबाई, चुलीपुढं भाकरी थापत ऐकायच्या. त्या फार बोलत नाहीत. कुलदीप खो खो हसायचे. मला हसू येत नव्हतं. चौथी तक्रार अशीच गेली, पाचवीही गेली. मी नंबर बदलायला तालुक्याला गेले, तर लाभार्थ्याला अंगठ्यासह घेऊन या म्हणाले. मामांना घेऊन गेले, तर सर्व्हर बंद. परत गेले, तर सर्व्हर चालू आणि साहेब रजेवर.

तोवर गहू पेरून झाला होता. पहिलं पाणी आम्ही बब्रुवानच्या डिझेल इंजिनावर दिलं. बब्रुवान आमचा बांधाशेजारी. त्याचाही सौर पंप पावसाळ्यापासून बंद, पण त्यानं जुनं इंजिन मोडीत काढलं नव्हतं, एवढा तो शहाणा. ते इंजिन आधी त्याच्या हरभऱ्याला, मग त्याच्या भावाला, मग आम्हाला. धडधडायला लागलं की काळा धूर सगळ्या शिवारावर पसरायचा आणि वाळत घातलेल्या धुण्याला डिझेलचा वास यायचा. त्याच दिवशी माझ्या अ‍ॅपवर निरोप आला. "अभिनंदन! आपण आजवर साडेचार टन कार्बन उत्सर्जन टाळले आहे." शेजारी एक हिरवं रोपटं हलत होतं. मी त्या धुरात खोकत उभी होते आणि मोबाइलमधलं रोपटं वाढत होतं.

गव्हाचं दुसरं पाणी चाळीस-बेचाळीस दिवसांवर लागतं. त्यात चूक झाली की फुटवे कमी, ओंबी बारकी, पुढं कितीही पाणी दिलं तरी भरून येत नाही. बब्रुवानचं इंजिन आता महिनाअखेरपर्यंत मोकळं होणार नव्हतं. मी सहावी तक्रार केली आणि या वेळी मामांचा फोनच माझ्या पिशवीत टाकून अंगणवाडीत नेला. बहिणीचा फोन आला तर, म्हणून मामा दोन दिवस कुरकुरले, मग गप्प बसले. पाचव्या दिवशी फोन वाजला. मी म्हणाले, लाभार्थी घरी नाहीत. मुलगी म्हणाली, नंतर करते. सहाव्या दिवशी पुन्हा वाजला. लाभार्थी घरी नाहीत. आता फक्त सातवा दिवस काढायचा होता.

सातव्या दिवशी येळवस होती.

बाहेरच्यांना वेळ अमावस्या म्हटलं तर थोडं कळतं. आमच्याकडं त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, काळ्या आईला नैवेद्य दाखवायचा आणि मग भाज्या-शेंगांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर हे पोट फुटेपर्यंत खायचं. बांधावरून जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवायला बसवायचं. ओळख लागत नाही. त्या दिवशी शेतात कुणी भांडत नाही, कुणी कुणाला उपाशी जाऊ देत नाही.

आदल्या दिवशी दुपारी पत्र आलं. जिल्ह्याच्या हरित ऊर्जा कक्षाचं. "उत्कृष्ट कार्बन बचत लाभार्थी" म्हणून श्री. धोंडीबा यांची निवड झाली असून येळवशीच्या दिवशी प्रत्यक्ष शेतावर शाल, श्रीफळ व सन्मानपत्र देऊन गौरव करण्यात येईल, कक्षप्रमुख स्वतः उपस्थित राहतील, आणि लाभार्थ्यानं कॅमेऱ्यासमोर समाधान व्यक्त करून सोबतच्या नमुन्यावर सही करावी. मी नमुना वाचला. "माझा पंप सुस्थितीत सुरू असून माझी कोणतीही तक्रार शिल्लक नाही."

"बंद पंपाचा सत्कार!" मी ओरडले.

"मोठा साहेब येतोय, राजेश्वरी," कुलदीप म्हणाले. "जेवता जेवता कानावर घालू. एक फोन केला की काम हुईल."

"आणि मामांनी सही केली तर? सहावी तक्रार पण गेली! परत एकपासून मोजायचं. तोवर गव्हाचं काय?"

"आता येऊ नका म्हणायचं का? येळवशीला?"

येळवशीला कुणी शेतावर येतो म्हटलं तर नको म्हणायची सोय नाही, आणि हे कक्षप्रमुखांना चांगलं ठाऊक असणार. सत्कार काय, दुसऱ्या कुठल्याही दिवशी करता आला असता.

सकाळी मामांनी पूजा केली. मग मातीचा छोटा मोगा घेऊन आंबील शिंपडत ते गव्हाच्या कडेकडेनं निघाले. दरवर्षी ते मोठ्यानं ओरडत, जवळजवळ पळत ही फेरी घालतात. या वेळी आवाज नव्हता. मधेच ते खाली बसले, एक रोप हातात धरून बघितलं, शेंडा पिवळा पडलेला. जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. एका भेगेत त्यांनी आंबील ओतली आणि पुढं गेले. परत आल्यावर त्यांनी चूळ भरली आणि कोपीत बसून राहिले. आत्यांनी त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि भज्जीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

बाराला दोन गाड्या आल्या. कक्षप्रमुख साहेब, त्यांच्याबरोबर श्रेयस नावाचा तरुण अभियंता, एक कॅमेरावाला आणि आणखी तिघं कशासाठी आले ते शेवटपर्यंत कळलं नाही. साहेब हसतमुख होते. "वा! भज्जीचा वास गाडीतच आला," म्हणाले.

मी पदर खोचला आणि सरळ गाठलं त्यांना. "साहेब, आधी पंप बघा. तीन महिने बंद आहे. हा लाल दिवा बघा."

साहेबांनी पेटीकडं बघितलं आणि श्रेयसकडं बघितलं. श्रेयसनं मोबाइल काढला. "मॅडम, पाच तक्रारी निकाली निघाल्यात. पाचही वेळा लाभार्थ्यांनी स्वतः समाधान व्यक्त केलंय."

"अहो, ते त्यांचं बोलणं आहे. ते सगळ्यांनाच बरं म्हणतात!"

"ताई," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "उद्या मला वरून विचारलं तर मी काय सांगू? लाभार्थी म्हणतो पंप चालू, सून म्हणते बंद. रेकॉर्ड लाभार्थ्याचं धरतात."

"आणि ते साडेचार टन कार्बन? ते कुठून वाचले?"

श्रेयस थोडा लाजला. "ते मंजूर क्षमता आणि दिवस यांवरून धरतात मॅडम. पंप चालू आहे की बंद, ते त्या हिशोबात येत नाही. आपला जिल्हा त्यात वर आहे."

"म्हणजे मी डिझेल जाळतेय आणि तुम्ही वर जाताय?"

"ताई, हे आकडे दिल्लीला जातात," साहेब म्हणाले. "तिथून बाहेरच्या देशांत. आपल्यासारखा देश काय करू शकतो हे जग बघतंय. आज सणाचा दिवस आहे. आधी कार्यक्रम उरकू, मग तुमचं बघू." जग माझ्या विहिरीपर्यंत आलं असतं तर मी त्याला लाल दिवा दाखवला असता. पण आले होते हे, आणि यांना भूक लागली होती.

खुर्च्या मांडल्या. मामांना फेटा बांधून कोपीपुढं बसवलं, मागं आठ पाट्या दिसतील असं. श्रेयसनं नमुना आणि शाईचं पॅड त्यांच्यापुढं ठेवलं. कॅमेरावाल्यानं हात वर केला. साहेब मामांच्या खांद्यावर हात ठेवून गोड आवाजात म्हणाले, "काय काका, कसं आहे? सगळं बरं आहे ना?"

तोच प्रश्न, तोच सूर. मी मामांच्या समोर जाऊन उभी राहिले, डोळ्यांनी खुणा करत. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही.

"बरं..." मामा म्हणाले आणि थांबले. त्यांची नजर साहेबांच्या पलीकडं, गव्हावर होती. त्यांनी फेटा सारखा केला. "माझं बरं हाय, साहेब. गव्हाचं बरं न्हाय."

साहेब हसले. "नाही काका, पंपाबद्दल विचारतोय. पंपाबद्दल समाधानी आहात ना?"

"म्या समाधानीच हाय. म्या कशानं बी समाधानी असतो, माझं काय. पर पंप बंद हाय."

"थांब रे," साहेबांनी कॅमेरावाल्याला हात केला. "हे पुसून टाक. काका, परत घेऊ. एवढंच म्हणा, योजनेमुळं फायदा झाला. झाला ना फायदा?"

"झाला की. दीड वर्स लई झाला," मामा म्हणाले. पुन्हा कॅमेरा सुरू झाला आणि मामा त्याच्याकडं बघून, तालमीत एकदाही बोलले नव्हते एवढ्या मोठ्यानं बोलले. "पंप लई चांगला हुता. दसऱ्याच्या आधीपासनं बंद हाय. माझ्या सुनंनं सा डाव तक्रार केली. म्या येड्यावानी पाच डाव बरं हाय म्हणलं. ती चूक माझी. आज येळवस हाय, आन् ह्यो गहू माझ्याकडं पाणी मागतोय. आज खोटं बोललो तर उंद्या ह्या रानात पाय कसा टाकू? ह्या कागदावर म्या आंगठा करत न्हाय."

कुलदीप तोंड उघडं टाकून बापाकडं बघत होते. मला रडू यायला लागलं म्हणून मी भज्जीच्या पातेल्याकडं वळले.

साहेबांचं हसू गेलं. ते श्रेयसला बाजूला घेऊन बोलले, पण शेत मोकळं असतं, सगळं ऐकू येतं. "शेजारी कोण आहे? त्याचा पंप आहे का? मग चल, फक्त नाव बदलायचंय." श्रेयस हळूच म्हणाला, "सर, त्यांचाही बंदच दिसतोय." साहेब म्हणाले, "तू बघितलायस का? तक्रार आहे का त्याची?" तक्रार नव्हती. बब्रुवाननं इंजिनाच्या जिवावर तक्रारच केली नव्हती. शाल, श्रीफळ, फेटा, कॅमेरा, सगळं बांध ओलांडायला निघालं.

आणि काय करावं मामांनी? वाट अडवली! "जेवल्याबिगर जायाचं न्हाय, साहेब. आज येळवस हाय."

आता माझ्या संतापाला काय सांगू. ज्यांनी आमच्या बंद पंपावर स्वतःचं नाव करून घ्यायचा बेत केला होता, त्यांना मी बाजरीची भाकरी, भज्जी आणि खीर वाढत होते, आणि मामा शेजारी बसून आग्रह करत होते. साहेबांनी तीनदा भज्जी घेतली. आधी मान खाली घालून जेवले, मग चव लागली तशी मान वर आली. हात धुऊन ते बब्रुवानच्या शेतात गेले आणि तिथं टाळ्या वाजल्या. बब्रुवान दुसऱ्या दिवशी शाल दाखवायला आला. मी विचारलं, कॅमेऱ्यापुढं काय म्हणालास? म्हणाला, "काय म्हणणार वहिनी, समदं बरं हाय म्हणलो. पावण्याला काय सांगायचं?"

पण श्रेयस गाडीत बसायच्या आधी परत आला होता. त्यानं मोबाइलवर काहीतरी लिहिलं आणि मला दाखवलं. "लाभार्थी असमाधानी. तक्रार प्रलंबित." माणसं प्रलंबित या शब्दाच्या नावानं बोटं मोडतात. मी तो शब्द कुलदीपना दाखवला, मामांना वाचून दाखवला, आणि आम्ही तिघं हसलो.

आठव्या दिवशी तंत्रज्ञ मोटारसायकलवर आला. यावंच लागलं त्याला. त्यानं पेटी उघडली. आत एक पाल वायरींना चिकटून जळून मेली होती. त्यानं ती काडीनं काढली, एक करपलेला तुकडा बदलला, पेटीच्या भोकाला रबर लावलं. अर्धा तास लागला सगळ्याला. तीन महिने, सहा तक्रारी, तालुक्याच्या तीन फेऱ्या आणि एक पाल! मला त्या माणसावर ओरडायचं होतं, पण त्याची काहीच चूक नव्हती, आणि ज्यांची होती ते इथं नव्हते. लाल दिवा गेला, हिरवा लागला. पाइप खोकला आणि पाणी आलं.

पाणी पहिल्या सारीत शिरलं तेव्हा आम्ही सगळे बांधावर होतो. भेगा पाणी पीत होत्या, त्याचा आवाज येत होता. मी खूश होऊन म्हणाले, "आत्या, बघितलं का? मामा एकदा खरं बोलले आणि पाणी आलं."

आत्या पाण्याकडं बघत होत्या. त्या माझ्याशी नाही, मामांशी बोलल्या. "भूकंपाच्या साली बी बोलायला पायजे हुतं."

मामांनी खोरं थांबवलं. "काय?"

"पंचनाम्यावाले दारात आलते. चुलीमागची भिंत वरपासनं खालपत्तुर फाटली हुती. त्यांनी इचारलं, घर कसं हाय. तुमी म्हणला, आमचं बरं हाय, फुडच्यांचं बघा. ते गेले फुडं." आत्यांचा आवाज वर गेला नाही. "बारा वर्सं म्या त्या भिंतीखाली भाकरी थापली. कुलदीपला कवाच चुलीपाशी येऊ दिलं न्हाय. वारं सुटलं की त्याला घिऊन आंगणात बसायचे."

कुलदीपना हे ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा बघूनच ते कळत होतं.

"लोकांची घरंच्या घरं गेलती तुळजा," मामा म्हणाले. "आपली भिंत हुबी हुती." मग म्हणाले, "तुला एवढं भ्या वाटत हुतं, तर मला सांगितलं का न्हाईस?"

"तुमी इचारलंत कवा?" आत्या म्हणाल्या.

मामा खोऱ्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. सारी भरून पाणी बांधावरून वाहायला लागलं तरी त्यांनी ते वळवलं नाही. शेवटी खोरं मी घेतलं. सहा तक्रारी केल्या होत्या मी, सासऱ्यांना बोलायला शिकवलं होतं, आणि चौदा वर्षं एकाच चुलीपुढं बसून या बाईला एकदाही विचारलं नव्हतं की आत्या, तुमचं कसं चाललंय.